तुळसाबाईची बॅटरी

शापोरा, गोवा
१८ नोव्हेंबर २०२४

नानाजी,

जय भीम, आणि तुझ्यासाठी राम राम. दोन्ही ठेवून घे, पाकिटाचं वजन वाढत नाही.

फोनवर विचारलं तर तू म्हणालास, "लिहून पाठव, मंग बोलू." मी म्हटलं, अरे, मी तुझ्या दुकानातलं गिऱ्हाईक नाही, पहिलीपासून तुझ्याशेजारी टाटपट्टीवर बसलेला माणूस आहे. तर म्हणालास, "म्हणूनच." बरं, लिहितो. याआधी मी शेवटचं काही लिहिलं ते शाळेच्या सुटीचा अर्ज, आजी वारल्याचा. त्याच दुपारी आजी माझा डबा घेऊन शाळेत आली होती.

तर गोष्ट अशी. मी ज्या बोटींच्या यार्डात स्टोअरकीपर होतो, तिथं एका परदेशी म्हाताऱ्यानं शिडाची बोट सोडून दिली होती. अठ्ठावीस फुटी, आत झोपायला दोघांना जागा, चूलबिल सगळं. मी काम सोडताना मालक म्हणाला, घेऊन जा बाबा, माझी जागा तरी मोकळी होईल. रोशनीनं शाळेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली, दोन महिने घासून बोट रंगवली आणि बाजूला लाल अक्षरांत नाव घातलं, तुळसाबाई. माझ्या आईचं. आई असती तर म्हणाली असती, माझ्या नावानं कधी एक शेळी घेतली नाही, अन हे काय आणलं.

आता रोशनीची एक अट आहे. जानेवारीचा अख्खा महिना नदीच्या मुखाशी नांगर टाकून बोटीवर राहायचं. किनाऱ्यावरून वायर ओढायची नाही, इंजिन चालवून बॅटरी भरायची नाही. महिनाभर बत्ती टिकली, तर फेब्रुवारीत शिडं उभारून खाली केरळपर्यंत जायचं, पावसाआधी परत. महिन्यात एकदा जरी अंधार झाला, तर बोट विकायची आणि नागपुरात, जरीपटक्याला तिच्या भावाच्या वरच्या मजल्यावर राहायला यायचं. ती अंधाराला भिते. आपलं तसं नाही, आपण पंधरा वर्षं नौदलात काढली.

तर किती मोठी बॅटरी लागेल, सांग. पंखाबिंखा, दिवेबिवे, नेहमीचंच. मला वाटतं लहानच पुरेल. बोटीत जागा कमी आहे.

तुझा,
नागसेन


प्रतापनगर, नागपूर
२६ नोव्हेंबर २०२४

नागसेन,

राम राम, आणि जय भीम परत.

चष्मा दुरुस्तीला टाकला आहे, म्हणून तुझं पत्र गोपिकानं वाचून दाखवलं. आजी जिवंत असताना तू तिला मारलंस हे तिला एवढ्या वर्षांच्या संसारानंतरही नवीन होतं. मला नव्हतं, अर्ज मीच लिहून दिला होता.

यादी हातानं लिहूनच का मागितली, ते सांगतो. सत्तावीस वर्षं इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान चालवून मला एवढं कळलं की बोलताना माणूस थापा मारतो आणि लिहिताना थोडा लाजतो. दुकानात येऊन सांगतात, "दोन पंखे, दोन ट्यूब, बस." मी कागद-पेन पुढं करतो. मग पंखे तीन होतात. मग टीव्ही निघतो. शेवटी दारात पोचल्यावर मागं वळून म्हणतात, "अन एक कूलर हाये मांगच्या खोलीत, पण तो आमी जास्त लावत नाही." मे महिन्यात कूलर जास्त न लावणारा नागपूरकर मी अजून पाहायचा आहे.

'पंखाबिंखा, दिवेबिवे' ही यादी नव्हे. एकेक वस्तू लिही. ती किती वॅट खाते आणि चोवीस तासांत किती तास चालते, हे दोन आकडे. त्यांचा गुणाकार कर. सगळ्यांची बेरीज कर आणि बारानं भाग, कारण तुझी बोट बारा व्होल्टची. जे येईल ते तुझ्या दिवसाचे अँपियर-तास. चौथीचं गणित आहे. चौथीत तू माझ्या पाटीवरून उतरवायचास, म्हणून सविस्तर लिहितो.

आणखी एक. इथं लाइन जाते तेव्हा ती परत येणार असते. इन्व्हर्टर म्हणजे तेवढ्या वेळापुरता आधार. तुझ्या बोटीत लाइन येणारच नाही. जे आहे ते बॅटरीत, आणि बॅटरीत जे येईल ते वरच्या सूर्यातून. म्हणून खरं लिही.

नांगर टाकल्यावर डोलकाठीवर एक दिवा रात्रभर लावावा लागतो, असं ऐकलं. तो यादीत सगळ्यात वर लिही. आमच्याकडे नंदादीपाचं तेल आधी बाजूला काढतात, उरलेल्यात फोडणी. तसंच.

सुटीत आलास की दुकानात ज्या खुर्चीवर तू पसरायचास तिच्यावर हल्ली जुन्या बॅटऱ्या ठेवतो. त्या तुझ्यापेक्षा हलक्या आहेत आणि चहा मागत नाहीत. तरी रविवारी जरा सुनं वाटतं.

नानाजी


शापोरा
४ डिसेंबर २०२४

नानाजी,

घे तुझी यादी. माझ्या हातची, मास्तर.

डोलकाठीवरचा दिवा, तीन वॅट, अकरा तास.
आतले दिवे दोन, तीन-तीन वॅट, तीन तास.
पंखा एक, बारा वॅट, तीन तास.
रेडिओ, किनाऱ्याशी बोलायचा, सहा वॅट, बारा तास.
पाण्याचा पंप, पंधरा वॅट-तास धर.
मोबाइल दोन, मिळून वीस.

बेरीज केली, बारानं भागलं. सोळा आले. फ्रीज नाही, बर्फाची पेटी आहे. पंखा तीन तास भरपूर झाला. नौदलात आम्ही एका पंख्याखाली चाळीस जण झोपायचो, आणि त्यातही ज्याला पंखा लागायचा त्याला बाकीचे हसायचे.

दिवसाला सोळा, म्हणजे गाडीत असते तसली चाळीसची बॅटरी पुष्कळ झाली. मोठी पाठवू नकोस. बोट एका बाजूला कलेल. हे समुद्राचं शास्त्र आहे, तुला नाही कळायचं.

तुझा राम बरा आहे ना? त्याला सांग, आमच्याकडे जागा आहे, पण एकट्यानं यावं. वानरसेना अठ्ठावीस फुटांत मावणार नाही.

नागसेन


प्रतापनगर
१३ डिसेंबर २०२४

नागसेन,

तुझी यादी तीनदा वाचली. सोळा. माझ्या काउंटरवरचा पंखा एकटा यापेक्षा जास्त खातो.

प्रतापनगरातल्या गिऱ्हाईकाची यादी मी दीडनं गुणतो. डॉक्टर असला तर दोननं, कारण घरात काय आहे हेच त्यांना माहीत नसतं. पंख्याला हसणाऱ्या माणसासाठी माझ्याकडे आकडा नव्हता. म्हणून तुझी यादी बाजूला ठेवली आणि स्वयंपाकघरात गेलो. गोपिका पोळ्या लाटत होती.

म्हटलं, "कावं, पाण्यावर महिनाभर राहायचं असलं तं तुले काय काय लागंल?"

"कोनासंगं?"

"माझ्यासंगं."

"मंग दोन पंखे. रातभर. एक तुमच्याकडं तोंड करून. घोरनं ऐकू नाही आलं पाह्यजे."

मग तिनं सांगितलं आणि मी लिहून घेतलं. फ्रीज, कारण दही आंबट झालेलं चालत नाही. चटणीपुरता मिक्सर. भाजी निवडायला नीट उजेड. "बर्फाची पेटी हाये" म्हटलं तर म्हणाली, "बर्फ कोन आनून देनार हाये रोज? तुमचा हनुमान?"

तिची बेरीज दिवसाला ऐंशीवर गेली. तिच्यातला निम्मा फ्रीजच. मी ती धरली. रोशनीवहिनी गोपिकासारखीच असणार, आणि जानेवारीत परीक्षा तिची आहे, तुझी नाही.

परवा ट्रान्सपोर्टनं माल निघाला. लिथियमच्या दोन बॅटऱ्या, शंभर-शंभरच्या, आणि दीडशे वॅटची दोन सोलर पॅनेलं. दोनशेतले एकशेसाठ तू बिनधास्त वापरू शकतोस. शिशाची बॅटरी अर्धी रिकामी केली की मरायला लागते, त्यामुळं याच कामाला सव्वातीनशेची लागली असती आणि तिचं वजन तुझ्या सासऱ्याएवढं झालं असतं. या दोन मिळून पंचवीस किलोच्या आत आहेत. तुझी तुळसाबाई कलणार नाही.

दोन दिवस सूर्य दिसला नाही तरी बत्ती जाणार नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या हातात नाही. पोचल्याचं कळव.

नानाजी


शापोरा, बोटीवरून
९ जानेवारी २०२५

नानाजी,

माल पोचला. यार्डातल्या वायरमननं बसवून दिला. आभार मानतो, मन मोठं करून मानतो.

एक तारखेपासून बोटीवर आहोत. बत्ती लख्ख आहे. पंखे दोन आहेत, दोन्ही चालतात. फ्रीजही आहे, तो यादीत लिहायचा राहिला होता. काल रोशनीनं बॅटरीवर मिक्सर फिरवला आणि खोबऱ्याची चटणी केली. बॅटरीचा आकडा सकाळी सत्तर असतो आणि दुपारी परत शंभर. रोज शंभर. माणसाचं कशातच रोज शंभर नसतं.

एक विचारायचं होतं. शास्त्र म्हणून, बाकी काही नाही. समज एखाद्यानं बोटीतलं सगळं दिवसरात्र चालू ठेवलं, तर ही बॅटरी बसायला किती दिवस लागतील? आणि अशा कोणत्या गोष्टी आहेत की ज्यानं बॅटरी लवकर बसते? माहिती असावी.

आम्ही नदीच्या मुखाशी आहोत. रेतीच्या बांधापलीकडे समुद्र दिसतो. इथून चांगला दिसतो.

नागसेन


प्रतापनगर
१५ जानेवारी २०२५

नागसेन,

सोबत तिळगूळ आहे. पोस्टात त्याचा भुगा होईल, पण चव तीच.

फ्रीज लिहायचा राहिला होता म्हणतोस. कूलरवालेही असंच म्हणतात. असो.

तुझ्या प्रश्नावरून मी समजलो. वहिनींचा वापर वाढला असेल आणि तुला बोलता येत नसेल. लाजू नकोस. बॅटरी कशानं बसते ते लिहितो, चहाच्या वेळी सहज म्हणून वाचून दाखव, म्हणजे तिला टोमणा वाटणार नाही.

पॅनेलवर सावली पडू देऊ नका. एक कोपरा झाकला तरी अख्खं पॅनेल झोपी जातं, हे लोकांना खरं वाटत नाही. पॅनेलवर मीठ आणि पक्ष्यांची शीट साचते ती पुसत जा. फ्रीजमध्ये गरम भांडं ठेवू नका आणि त्याचं दार उगाच उघडं ठेवू नका. मिक्सरचा इन्व्हर्टर काम झालं की बंद करा, तो रिकामा बसूनही खातो, आपल्या सरपंचासारखा. आणि जोडांचे नट ढिले झाले तर भरलेली बॅटरीही उपाशी मारते, ते पान्यानं आवळून ठेवा.

एवढं सांभाळलंत तर महिना निघून जाईल. मी एकादशीला रामटेकच्या गडावर गेलो होतो. तुमच्या बत्तीसाठी काही मागितलं नाही. उभा राहिलो आणि उतरलो. सगळंच मागायचं नसतं.

नानाजी


शापोरा
२१ जानेवारी २०२५

नानाजी भाऊजी यांस,
सविनय जय भीम.

मी तुम्हाला पहिल्यांदाच लिहिते आहे. फोन केला असता, पण बोट अठ्ठावीस फुटांची आहे. एका टोकाला कुजबुजलेलं दुसऱ्या टोकाला कळतं.

तुमचं पत्र यांनी मला वाचून दाखवलं नाही. ते टाकीच्या मागं सापडलं. त्यातल्या सहा सूचनांपैकी पाच हे रोज पाळतात, उलट्या. लग्नाला बावीस वर्षं झाली, या माणसानं स्वतःचा रुमाल धुतला नाही. आता रोज सकाळी चादर धुतात आणि पॅनेलवर वाळत घालतात. दुसऱ्या पॅनेलवर कावळ्यांना शेव टाकतात. "पक्ष्यायचं पुण्य लागते," म्हणाले. वरणाचं पातेलं उकळतं असताना फ्रीजमध्ये ठेवतात आणि दार उघडं टाकून जातात. मिक्सरचा इन्व्हर्टर दिवसभर गुणगुणत असतो. नट ढिले करणं तेवढं राहिलं आहे, कारण पाना कुठं असतो हे त्यांना माहीत नाही.

आज सकाळी बॅटरी चौतीसवर होती. अजून दहा दिवस आहेत.

भाऊजी, अट माझी नाही. त्यांची आहे.

दोन वर्षं मी दर रविवारी यार्डाच्या मालकाची बहीण शामला हिच्याकडून शीड चालवायला शिकले. ऑक्टोबरात मी आणि हे पहिल्यांदा बांधापलीकडे गेलो. लाटा काही फार नव्हत्या. हे आत जाऊन खाली आडवे झाले आणि डोलकाठीचा बुंधा दोन्ही हातांनी धरून 'नमो तस्स' म्हणू लागले. घरी बुद्धवंदनेला बोलावलं तर यांना झोप येते. बोट मी परत आणली. संध्याकाळी यार्डात हे सगळ्यांना सांगत होते, "म्या आणली बाहेरून, वारा लय बेकार होता." मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी ही अट काढली, आणि मी ती घातल्यासारखं सगळ्यांना सांगितलं.

नौदलात ते पंधरा वर्षं होते हे खरं आहे. त्यातली चौदा जमिनीवर, गोदामात. एक वर्ष जहाजावर, त्यातलं बरंचसं खाटेवर. हे मला लग्नानंतर अठरा वर्षांनी त्यांच्या कागदपत्रांतून कळलं. मला कळलं आहे, हे त्यांना ठाऊक नाही.

मला जायचं आहे. मी जरीपटक्याच्या बाजारात दुकानावरच्या खोलीत वाढले. मग बावीस वर्षं भूगोल शिकवला. पश्चिम किनारा खडूनं किती वेळा काढला असेल. एकदा तो बाजूनं पाहायचा आहे.

मी बोलले तर यांचं तोंड उतरेल. नाही बोलले तर बोट जाईल. तुम्ही लिहा. माझं नाव मात्र घेऊ नका.

तुमची,
रोशनी


प्रतापनगर
२५ जानेवारी २०२५

नागसेन,

मला कोणी काही कळवलेलं नाही, असं लिहिण्याचा विचार होता. लिहिताना हात थांबला. म्हणून ते लिहीत नाही. तुला जे समजायचं ते समज.

चादर काढ.

शाळेत असताना उन्हाळ्याच्या सुटीनंतर तू देवमाशाची गोष्ट सांगायचास, मामाच्या गावच्या तलावात पाहिलेल्या. सगळ्या वर्गाला माहीत होतं की तलावात देवमासा नसतो. तरी आम्ही ऐकायचो, कारण तू छान सांगायचास. नौदलातल्या गोष्टीही मी तशाच ऐकल्या. तुझे बूट नेहमी कोरडे असायचे, गा. मीठ लागलेलं चामडं कसं दिसतं ते मला माहीत आहे, मी बॅटरीच्या जोडांवरची बुरशी रोज घासतो.

म्हणजे तू मला फसवू शकला नाहीस. पण मीही काही सरळ नाही, आणि हे मी आता लिहितो ते वाचून झाल्यावर फाड.

तू चाळीसची बॅटरी मागितलीस तेव्हा मी ती पेटीत घातली होती. चिकटपट्टीसुद्धा लावली होती. वरून तुझा पत्ता. मला ठाऊक होतं, ती दुसऱ्या दिवशीही तग धरणार नाही. अंधार होईल, बोट विकली जाईल आणि तू जरीपटक्याला येशील. रविवारी दुकानात येऊन बसशील. त्या खुर्चीवरच्या जुन्या बॅटऱ्या मी आधीच उचलून खाली ठेवल्या होत्या.

मग सवयीनं उदबत्ती लावायला देवापुढं उभा राहिलो. आणि मनात आलं, हा माणूस बायकोला घेऊन चौदा वर्षं रानावनात हिंडला. जाताना त्याला कोणी शहाण्यानं सांगितलं असेल, नको जाऊ, घरी सगळं आहे. त्याच्यासमोर उभं राहून मी दुसऱ्याच्या बायकोची सफर मोडायचा बेत करतो आहे. तो काही बोलला नाही. तो कधीच बोलत नाही, त्यामुळं आपलंच आपल्याला ऐकू येतं. मी चिकटपट्टी सोडवली.

म्हणजे आपल्या दोघांनाही एकच हवं होतं, बोट विकली जावी, आणि दोघांनीही ते त्या बाईच्या डोक्यावर ठेवलं. माझं मी काढून घेतलं. तुझं तू काढ.

भीती वाटते तर वाटते म्हण. मला पाल दिसली तरी मी खुर्चीवर चढतो, हे सगळ्या प्रतापनगराला ठाऊक आहे. दुकान चालूच आहे.

नानाजी


शापोरा
२ फेब्रुवारी २०२५

नानाजी,

तुझं पत्र एकोणतीसला आलं. फाडलं नाही. फाडलं असतं तर तुकडे जोडून रोशनीनं वाचलं असतं, भूगोलवाली आहे, नकाशे जोडायची सवय आहे तिला.

दोन दिवस मी काही केलं नाही. चादर मात्र धुतली नाही. कावळे येऊन बसले, माझ्याकडं पाहत राहिले आणि शिव्या देऊन गेले. पण तोवर उशीर झाला होता. आधी उपसलं होतं ते भरून यायला दोन दिवस पुरत नाहीत, आणि नेमकं आभाळही आलं. एकतीसला संध्याकाळी आकडा नऊ होता. म्हणजे माझी जीत होती, नानाजी. मला नुसतं बसून राहायचं होतं.

मी उठलो. पंखे बंद केले, फ्रीज बंद केला, आतला दिवा बंद केला. डोलकाठीवरचा तेवढा ठेवला. रोशनी वर बसली होती, खाली आली.

"काहून बंद केलं सगळं?"

"पुरलं पाहिजे नं सकाळपर्यंत."

ती पायरीवरच थांबली. मीच बोललो. म्हटलं, "रोशनी, मले भेव वाटते वं."

"कायचं?"

"पाण्याचं. पहिल्यापासून."

"बरं," म्हणाली. माझ्या शेजारी बसली. मला वाटलं, आता रडेल, किंवा मी रडीन. तर म्हणाली, "किती दिवस वाट पाहून राहिली मी. मले वाटलं, तुम्ही सांगाच्या पहिले बोटीले भोक पाडसान."

मग मी म्हटलं, "विकून टाकू मंग बोट."

"बोट काहून विकायची? तुम्ही उतरा."

एवढंच. जसं शाळेत पोराला वर्गाबाहेर उभं करावं तसं. सकाळपर्यंत दिवा जळत होता. उजाडल्यावर आकडा चार होता. महिना पुरा झाला. अट पुरी झाली. मी होडीत बसून किनाऱ्यावर आलो आणि तेव्हापासून पाय जमिनीवर आहेत. यार्डात सगळ्यांना खरं सांगितलं. कोणाला नवल वाटलं नाही, याचं मला थोडं वाईट वाटलं.

आता ऐक. ती एकटी जाणार नाही. हा तिचा पक्का नियम आहे. एक जण सुकाणूवर आणि एक जण झोपलेला, असं दोघं लागतात. शामलाला यार्ड सोडता येत नाही. मी बसनं किनाऱ्याकिनाऱ्यानं जाणार, कारवार, गोकर्ण, होन्नावर, जिथं जिथं ती नांगर टाकील तिथं भाजी घेऊन उभा राहणार. पण बोटीवर दुसरा माणूस मिळाला नाही तर हे सगळं इथंच थांबतं. पंधरा फेब्रुवारीच्या आत निघायला हवं, नाहीतर परत येताना पाऊस गाठतो.

तू ये. तुला बॅटरीचं कळतं, बाकीचं ती शिकवील. मला दुसरं कोणी सुचत नाही.

नागसेन


प्रतापनगर
७ फेब्रुवारी २०२५

नागसेन,

तुझं पत्र चष्मा असूनही मी गोपिकाला वाचायला दिलं. माझ्यानं पुढं वाचवेना. 'तू ये' या ओळीपाशी मी चष्मा काढून ठेवला.

तिनं वाचलं, घडी केली, डब्याखाली ठेवली. म्हणाली, "तुम्ही नका जाऊ. तुमच्यानं नाही होणार. मी जातो."

म्हटलं, "अवं, समुद्र हाये तो."

"पाणीच हाये नं?"

मग तिनं मला सांगितलं की माहेरी, रामटेकजवळ खिंडसीच्या अंगाला, शिंगाड्याच्या तळ्यात ती दहा वर्षांची असल्यापासून डोंगा हाकत होती. वारा आडवा आला तर टोक कुठं ठेवायचं, डोंग्यात एक जण वाकला तर दुसऱ्यानं कुठं सरकायचं, सगळं हातानं दाखवलं, स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून. लग्नाला चोवीस वर्षं झाली. मी विचारलं, "हे मले पहिले काहून नाही सांगतलं?" म्हणाली, "सांगतलं होतं. तुम्ही बॅटरीत पाणी भरून राहिले होते."

काल वहिनींशी तिचं फोनवर बोलणं झालं. एक तास. मला आत येऊ दिलं नाही. बाहेर फक्त हसणं ऐकू येत होतं, आणि मधे एकदा माझं नाव. ठरलं म्हणाली. पाचवारी घालून सुकाणूवर बसता येत नाही, म्हणून काल सीताबर्डीवरून तिनं स्वतःसाठी दोन पँटी आणल्या आणि एक मला दाखवलीही. मी काय बोलणार, मी बरी आहे म्हटलं.

दुकानाला कुलूप लावतो आहे, मेपर्यंत. पाटीवर लिहिलं, 'मालक समुद्राकडं गेले आहेत.' एका गिऱ्हाईकानं विचारलं, पोहायला का? म्हटलं, नाही, बसनं.

आम्ही अकराला निघतो, तेराला मडगावला उतरू. तू स्टेशनवर ये. त्या दोघी पुढं गेल्या की आपण कारवारची गाडी पकडू. तुझ्याकडं भाजीची पिशवी, माझ्याकडं मीटर आणि फ्यूज. त्या नांगर टाकतील तिथं आपण दोघं धक्क्यावर उभे राहू. कोणी विचारलं, कोणाची वाट पाहता, तर सांगू, बायका समुद्रावर गेल्या आहेत. देवमाशापासून आजपर्यंत तू जेवढं काही सांगितलंस, त्यात यावर लोकांचा सगळ्यात कमी विश्वास बसेल. त्यांना म्हणू, थांबा थोडं, येतीलच.

तुझा,
नानाजी